भांडवलाच्या माहेरी जीव मुठीत धरून

आधीच सांगते, आउग्सबुर्गला जायचा हट्ट माझा होता. ह्यांचा नव्हता, निखिलचा तर नव्हताच. सांगलीच्या कॉलेजात तीस वर्षं मी अकरावी-बारावीला वाणिज्य शिकवलं आणि दरवर्षी फळ्यावर तोच मथळा लिहिला : 'व्यापारी भांडवलाचा उदय'. त्याखाली तीन गावं : व्हेनिस, अँटवर्प, आउग्सबुर्ग. यातलं एकही गाव मी पाहिलेलं नव्हतं. मुलांना मात्र असं सांगायचे, जणू काल संध्याकाळीच तिथल्या मंडईतून भाजी घेऊन आले.

२००९ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं मुलाकडे, इंगोलश्टाटला गेलो होतो. निखिल तिथं गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर आहे. सून मुग्धा, आणि पाच वर्षांची नात ईरा. ईराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. आजोबांनी 'ये गं चिमणे' म्हटलं की 'जा, ग्लाइश' म्हणजे 'हो, आलेच' असं म्हणायचं आणि जागचं हलायचं नाही. हे तिनं कुणाकडून उचललंय ते मी सांगत नाही, माझा मुलगा हे वाचणार आहे.

त्या वर्षी जगभर मंदी होती. निखिलच्या कंपनीत 'कुर्त्सआर्बाइट' चालू होतं. म्हणजे कामावरून काढायचं नाही, पण आठवड्यात तीनच दिवस बोलवायचं, आणि बुडालेल्या पगाराची थोडी भरपाई सरकारनं करायची. त्यामुळे गुरुवार-शुक्रवार मुलगा घरी, सोफ्यावर, लॅपटॉपकडे बघत. मला ते बघवेना. मी म्हटलं, मंदीनं सुट्टी दिलीच आहे, तर हे सगळं जिथं सुरू झालं ते गाव तरी बघून येऊ. निखिल म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, आई. गुन्हेगाराचं घर बघून येऊ."

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी निखिलला तेव्हा ठाऊक नव्हती. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या छातीत दुखलं होतं. मिरजेच्या एका दवाखान्यात पाच दिवस होतो. हृदयाला रक्त कमी पोचतंय, ठोकेही अनियमित आहेत, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्या असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या पाच दिवसांत निखिलचा फोन आला तेव्हा आम्ही दोघांनी ठरवून सांगितलं, की कोल्हापूरला लग्नाला आलोय, बँडचा आवाज आहे, नंतर बोलू. मुलं परदेशात असली की आईबाप फोनवर कायम ठणठणीत असतात. हा आमच्या पिढीचा नियमच आहे.

एक खोटं पचलं की दुसऱ्याला जागा होते. व्हिसासाठी प्रवासी विमा लागतो. फॉर्मवर प्रश्न होता, पूर्वीचा काही आजार? आमच्याच कॉलनीतला एजंट पेन उघडून म्हणाला, "काकू, 'नाही' लिहू या. 'हो' लिहिलं तर पॉलिसीच मिळायची नाही." विम्याचं पहिलं तत्त्व परम सद्विश्वास, म्हणजे काहीही लपवायचं नाही, असं तीस वर्षं वर्गात घोकून घेणारी मी! मान डोलावली आणि त्याला चहा दिला. पुढे आणखी अक्कल पाजळली. गोळ्यांच्या पट्ट्या कुणी बघू नयेत म्हणून सगळ्या गोळ्या सोलून एका सुपारीच्या डबीत भरल्या. पांढऱ्या, गुलाबी, अर्ध्या केलेल्या, सगळ्या एकत्र.

आणि तिकडे निखिलनं आमच्यासाठी परदेशी लोकांच्या कचेरीत जाऊन एका हमीपत्रावर सही केली होती. 'फेरप्फ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग'. शब्दच असा की म्हणतानाच धाप लागावी. अर्थ सोपा : आईवडील इथं असेपर्यंत त्यांचा सगळा खर्च, आजारपणासकट, माझ्या डोक्यावर. विमा देईल तो देईल, उरलेला मी देईन. हे त्यानं जेवताना सहज सांगितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं, हे ताटाकडे बघत होते.

गुरुवार : सोनेरी छताखाली

बायर्न-तिकीट हा एक छान प्रकार आहे. एका तिकिटावर पाच जणांनी दिवसभर बव्हेरियाभर हुंदडावं, फक्त सकाळी नऊच्या आधी नाही. मुग्धाला नोकरी आणि ईराला किंडरगार्टन, म्हणून आम्ही तिघंच निघालो. दोन डब्यांची छोटी गाडी होती. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं आणि उंच खांबांवर चढवलेले, बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सचे वेल. डब्यात इतकी शांतता, की ह्यांनी भडंगाची पिशवी उघडली तर चार माना वळल्या.

"अहो, हळू," मी म्हटलं.

"भडंग हळू कसं खातात ते तूच दाखव," हे म्हणाले आणि मुद्दाम मूठभर तोंडात टाकलं. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेला माणूस. कुणी दटावलं की आणखी जोरात चावणार.

आउग्सबुर्गचा मुख्य रस्ता रुंद, आणि त्यावर जुनी कारंजी आहेत. एका कारंज्यावर पायांना पंख असलेला देव उभा आहे. निखिल म्हणाला, हा व्यापाराचा देव, आणि गंमत म्हणजे चोरांचाही हाच. हे लगेच म्हणाले, "म्हणजे आमच्या खात्यात असता तर टेंडरं ह्यानंच उघडली असती." तिघंही हसलो. त्या दोन दिवसांतलं आमचं ते शेवटचं मोकळं हसू.

तिथून नगरसभागृहात गेलो. आतला सोनेरी दिवाणखाना वरच्या मजल्यावर आहे आणि पायऱ्या दगडी, उंच उंच. निखिल पुढे, मी मध्ये, हे मागे. पहिल्या वळणावर मागून चपलांचा आवाज बंद झाला. वळून बघितलं तर हे भिंतीला लागून उभे, भिंतीवरचा नकाशा वाचत असल्यासारखे. नकाशा जर्मनमध्ये होता. कपाळावर घाम होता आणि डावा हात छातीशी नव्हे, जबड्याशी होता. मिरजेलाही तो तिथंच होता.

"ॲसिडिटी," हे म्हणाले. "भडंग."

मी डबीतून जिभेखालची गोळी काढून ह्यांच्या तोंडात दिली. वरून निखिलनं हाक मारली, "आलात का?" मी ओरडले, "बाबा नकाशा बघतायत!" माझा आवाज इतका नेहमीसारखा निघाला, की माझी मलाच भीती वाटली.

दोन-तीन मिनिटांत ह्यांचा रंग परत आला. मी कुजबुजले, "निखिलला सांगू या."

"सांगून काय करशील? डॉक्टर बोलावेल तो. डॉक्टर विचारेल कधीपासून. मग विमा गेला, आणि पोराच्या मानेवर सगळं बसलं. तीन दिवसांच्या पगारात?" हे हळू, पण एकेक शब्द तोडून बोलत होते. "उद्या घरी जाऊ, पडून राहीन. गप्प बस."

मी गप्प बसले. माझी चूक कुठली असं कुणी विचारलं तर मी तो जिना दाखवेन.

दिवाणखाना खरोखर डोळे दिपवणारा आहे. छत सगळं सोन्याचा मुलामा दिलेलं कोरीव लाकूड. युद्धात बॉम्ब पडून जळालं होतं, ते पुन्हा जसंच्या तसं उभं केलं म्हणे. निखिल मला उत्साहानं सांगत होता आणि मी त्याला. इथले विणकर जवसाच्या सुताच्या ताण्यात कापसाचा बाणा घालून कापड विणायचे. कापूस व्हेनिसहून यायचा. त्या कापडावर एक विणकराचं घराणं वर आलं, मग त्यांनी कापड सोडून राजांना कर्ज द्यायला सुरुवात केली आणि तारण म्हणून चांदीच्या, तांब्याच्या खाणी लिहून घेतल्या. ते तांबं पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडे यायचं आणि मिरी तिकडे जायची. माझा धडाच होता तो. एरवी मी तासभर बोलले असते. त्या दिवशी तोंड बोलत होतं आणि डोळे बाकावर बसलेल्या ह्यांच्या शर्टाकडे होते, छाती वरखाली होतेय ना एवढंच बघत.

त्या घराण्याचं नाव ह्यांना उच्चारता येईना, म्हणून ह्यांनी त्या मूळ पुरुषाला 'शेठजी' म्हणायला सुरुवात केली. आम्हीही मग तेच म्हणू लागलो. "शेठजीला झोप लागत असेल का रे?" ह्यांनी बाकावरूनच विचारलं. "राजाला कर्ज दिलंय. राजा नाही म्हणाला तर कुठल्या कोर्टात जाणार?"

मला आमच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांची आठवण झाली. जमिनीखाली खड्डा, त्यात हळद, तोंड बंद. वर फक्त पावती हातोहात फिरते. चार वर्षांपूर्वीच्या महापुरात पाणी आत शिरलं तेव्हा कळलं, की किती लोकांनी न बघितलेल्या हळदीवर विश्वास ठेवला होता. वर्गात मी हे विश्वासाचं उदाहरण म्हणून द्यायचे. त्या सोनेरी छताखाली उभं राहून पहिल्यांदा वाटलं, की पेव उघडायला कुणी तयार नसतं यातला निम्मा भाग विश्वास असेल, निम्मा भीतीच आहे. आमचंही एक पेव होतं आणि ते मी पर्समध्ये घेऊन फिरत होते.

संध्याकाळी तिथला प्रसिद्ध केक खाल्ला. पातळ पावासारख्या पोळीवर आंबटगोड प्लमच्या फोडी ओळीनं रचून भाजतात, वर साखर आणि दालचिनी. इतका सुरेख, की मी कृती विचारून घेतली. ह्यांनी अर्धा टाकला. निखिल म्हणाला, "बाबा, गोड टाकताय? तब्येत बरी आहे ना?"

"पोट भरलंय रे," हे म्हणाले.

छोट्याशा पेन्सिओनमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, उतरलो होतो. स्वच्छ खोली, पांढरीशुभ्र दुलई. मला झोप लागली नाही एवढंच सांगते.

शुक्रवार : शेठजींची वस्ती

सकाळी हे ताजेतवाने दिसले. दाढी केली, दोन पाव खाल्ले, वर अंडं. मी डबीतून सकाळच्या गोळ्या दिल्या आणि मनातल्या मनात गणपतीला एकवीस मोदक बोलले. संकट टळलं असं वाटलं. परतीची गाडी दुपारची होती. मी म्हटलंही, सकाळचीच गाडी धरू. निखिल म्हणाला, "आई, तूच तर ती वस्ती बघायला आलीस." नाही कसं म्हणायचं? कारण काय सांगायचं?

वस्तीपर्यंत पायी वीस मिनिटं. वाटेत प्रत्येक सिग्नलला थांबायचं. रस्त्यावर गाडीचं नावनिशाण नाही, पण लाल माणूस दिसतोय तोवर सगळे पुतळ्यासारखे उभे. सांगलीत असं उभं राहिलं तर लोक विचारतील, कुणाची वाट बघताय? एरवी मी चिडले असते. त्या दिवशी प्रत्येक लाल माणूस मला देव वाटला. ह्यांना तेवढाच दम घ्यायला मिळत होता.

ही वस्ती म्हणजे गावातलं छोटं गाव. भिंतीनं वेढलेलं, आत यायला दरवाजा, पिवळसर घरांच्या सरळ ओळी, हिरव्या खिडक्या, भिंतींवर चढलेले वेल. पाचशे वर्षांपूर्वी शेठजींनी गावातल्या गरीब पण अब्रूदार लोकांसाठी बांधली. आजही लोक राहतात. वर्षाचं भाडं तेव्हा ठरलं तेच, आजच्या पैशात एक युरोसुद्धा नाही. दारावरच्या घंटेची प्रत्येक मूठ वेगळ्या आकाराची, अंधारात चाचपून आपलं घर ओळखता यावं म्हणून. आणि भाड्याखेरीज एक अट. रहिवाशांनी दिवसातून तीनदा शेठजींच्या आणि त्यांच्या घराण्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणायची.

एका घरासमोर साधारण ऐंशीच्या एक आजी कुंडीतली वाळकी पानं काढत होत्या. निखिलनं 'ग्र्यूस गॉट', म्हणजे तिकडचा रामराम, म्हटलं आणि त्या बोलायला लागल्या. नवरा गेल्यावर इथं जागा मिळाली म्हणाल्या. निखिल मला मराठीत सांगत होता. समोरच्या बाकावर हे टेकले होते.

"त्यांना विचार, खरंच तीनदा म्हणतात का?"

निखिलनं विचारलं. आजी हसल्या. "जा, हो, म्हणते. कधी बसमध्येसुद्धा म्हणते."

"आणि नाही म्हटली तर?"

आजींनी खांदे उडवले. निखिल हसत म्हणाला, "आल्झो… म्हणजे, त्या म्हणतात, कुणी तपासायला येत नाही. पण कशाला उगाच धोका पत्करायचा?"

मी हसले आणि लगेच शेठजींचा विचार आला. राजांना नाचवणारा माणूस, युरोपभर ज्याचे जासूद धावायचे, तो मनातून किती घाबरलेला असेल! व्याज घेणं पाप, असं त्याच्याच धर्मात सांगितलेलं. म्हणून त्यानं नरकाचासुद्धा विमा उतरवला, आणि हप्ता गरिबांच्या तोंडून भरायची सोय केली. भांडवल म्हणजे साठलेला नफा, असं मी तीस वर्षं लिहून दिलं. एका शब्दानंही मी कधी भीतीचं नाव काढलं नव्हतं. मला हे ह्यांना सांगायचं होतं. ह्यांना असल्या गोष्टी फार आवडतात.

मी वळणार, तोच आजींनी निखिलचा दंड धरला. त्यांचा चेहरा एकदम बदलला होता. त्या काहीतरी भरभर बोलल्या आणि बाकाकडे बोट केलं. निखिल मागे वळला. तो मला मराठीत सांगायला विसरला, पण सांगायची गरज नव्हती. हे बाकावर पुढे वाकून बसले होते, चेहरा राखेसारखा, हात जबड्यावर.

मी धावले. जिभेखालची गोळी दिली. मिनिट गेलं, दोन गेली. दुसरी दिली. रंग परतेना. "अहो, बोला ना काहीतरी," मी म्हणत होते. निखिल फोनवर पत्ता सांगत होता. आजी घरातून उशी घेऊन आल्या, शर्टाचं वरचं बटण त्यांनीच काढलं आणि ह्यांच्या शेजारी बसून पुटपुटू लागल्या. ती प्रार्थना कुणासाठी होती, शेठजींसाठी की ह्यांच्यासाठी, ते मी विचारलं नाही.

"आई, ती गोळी कसली होती?" फोन ठेवून निखिलनं विचारलं.

"ॲसिडिटीची," मी म्हटलं. अजूनही! जीभ झडली कशी नाही माझी?

दहा मिनिटांच्या आत रुग्णवाहिका दारात होती आणि तिच्या मागोमाग वेगळ्या गाडीतून डॉक्टर. तिकडे तातडीच्या वेळी डॉक्टर स्वतः जागेवर येतो. इथं डॉक्टरीण होती, जेमतेम तिशीची, केस घट्ट बांधलेले. त्यांनी तिथंच छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी बघितली आणि निखिलला झटपट प्रश्न विचारायला सुरुवात केली. वय? निखिलनं सांगितलं. मधुमेह? नाइन, म्हणजे नाही. हृदयाचा त्रास पूर्वी? नाइन. निखिल ठामपणे उत्तरं देत होता. आपल्या बापाला आपण ओळखतो, हा विश्वास होता त्याच्या आवाजात. एवढं 'नाइन' मलाही कळत होतं.

मग डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनची सुई वर धरली आणि आणखी एक प्रश्न विचारला. निखिल म्हणाला, "नाइन." आणि मला म्हणाला, "रक्त पातळ करणारं काही औषध घेतात का, असं विचारतायत. इंजेक्शन त्याचंच आहे."

मी ह्यांच्याकडे बघितलं. एवढ्या दुखण्यातही ह्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. थोडीशीच. नाही म्हणून. त्या नजरेत विनवणी होती. छत्तीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं माझ्यापुढे कधी हात जोडले नव्हते, ते त्या क्षणी डोळ्यांनी जोडले. सांगू नकोस. पोराला बुडवू नकोस.

"येस!" मी ओरडले. इंग्रजीत, कारण डॉक्टरीणबाईंना थेट कळायला हवं होतं. "येस, ही टेक्स! टू इयर्स!"

सुई थांबली. निखिल माझ्याकडे बघत राहिला. मी पर्स उपडी केली, डबी उघडली आणि बाईंच्या हातावर ठेवली. त्यांनी आत बघितलं. बिननावाच्या, बिनपट्टीच्या गोळ्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "यातली कुठली?" मी वेड्यासारखी बोटानं चिवडू लागले. ही सकाळची, ही अर्धी रात्रीची, ही… सगळ्या पांढऱ्या मला सारख्याच दिसायला लागल्या. दोन गोळ्या फरशीवर पडल्या.

"सांगलीच्या डॉक्टरांचा नंबर," निखिल म्हणाला. त्याचा आवाज मी ओळखला नाही.

आपल्याकडे तेव्हा दुपार कलत होती. डॉक्टर घरी झोपले होते, त्यांच्या बायकोनं उठवलं. निखिलनं ऐकून नावं आणि मात्रा डॉक्टरीणबाईंना सांगितल्या, त्यांनी ते इंजेक्शन ठेवून दिलं आणि दुसरं काढलं. ह्यांना उचलून नेताना मी हात धरायला गेले. ह्यांनी मान दुसरीकडे वळवली.

शुक्रवार दुपार : कॉरिडॉर

पुढचं थोडक्यात सांगते. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती, ती त्याच दुपारी उघडली. तुम्ही बोलला नसता तर ते इंजेक्शन अंगावर शेकलं असतं, असं डॉक्टरीणबाईंनी मला इंग्रजीत, माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. दहा दिवसांनी ह्यांना सोडलं, ऑक्टोबरच्या अखेरीला आम्ही सांगलीला परत आलो, आणि आता हे रोज सकाळी फिरायला जातात. माझ्याशी बोलायलाही लागले आहेत, सुरुवात भांडणानं झाली. विमा कंपनीचं पत्र आलं, त्यात नकार होता. काहीही चुकीचं लिहिलं नव्हतं त्यांनी. जर्मनीला जाणाऱ्यांनी लोकरीचे कपडे न्या, भडंग न्या, आणि गोळ्या त्यांच्या पट्ट्यांतच, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट न्या, एवढा एकच उपयोगी सल्ला मी देऊ शकते.

पण माझा प्रवास त्या दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्येच संपला, म्हणून तिथलं सांगून थांबते.

ह्यांना अतिदक्षता विभागात हलवलं होतं आणि आम्ही दोघं बाहेर खुर्च्यांवर बसलो होतो. निखिल म्हणाला, "दोन वर्षं. दर रविवारी मी विचारत होतो, बाबा कसे आहेत. तू म्हणायचीस, मस्त."

"तुला काळजी नको म्हणून रे."

"आज मी त्यांच्या तोंडावर तीनदा नाही म्हणालो, आई. मी मारलं असतं त्यांना."

मला रडू फुटलं. त्यानं जवळ घेतलं नाही, पण उठूनही गेला नाही.

तेवढ्यात कचेरीतल्या एक बाई आल्या. वागायला मऊ होत्या, निखिलच्या खांद्यावर हात ठेवून बोलल्या. पूर्वीचा आजार आहे हे आता कागदावर आलंय, तेव्हा विमा नाही म्हणू शकतो. तसं झालं तर खर्च कोण देणार, याचा हा कागद. घाई नाही, सावकाश वाचून द्या. चार पानं होती, बारीक अक्षरांची. त्या गेल्या. निखिलनं थेट शेवटचं पान काढलं.

"अरे, वाच तरी," मी म्हटलं. न वाचता सही करू नये, हेही मी तीस वर्षं शिकवलेलं.

"नको. वाचलं तर हात कापेल माझा. सही तर करायचीच आहे." त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि थांबला. "अजून काही आहे का, जे मला सांगितलं नाहीये?"

"नाही रे. एवढंच होतं." मग मला राहवलं नाही. "आणि तुझं? नोकरीचं खरं काय आहे?"

"डिसेंबरपर्यंत आहे."

"मुग्धाला माहितीये?"

"नाही."

तिथं टेबल नव्हतं. त्यानं कागद गुडघ्यावर ठेवला, पण तो गुळगुळीत पँटवरून सारखा घसरत होता. मी सरकून जवळ बसले आणि त्याची सही पूर्ण होईपर्यंत कागदाची दुसरी बाजू दोन्ही हातांनी दाबून धरली.